फोडलेल्या लाकडाचा बाण

"भाऊजी, हे गेले," वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी इंदूरहून उज्जैनला, नानाखेड्याच्या घरी पोचलो तेव्हा अण्णाचे हात छातीवर ठेवलेले होते. गेल्या कित्येक वर्षांत ते हात मी स्थिर पाहिले नव्हते... तेवढ्यानंच मला रडू फुटलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. बँकेत होता. झाबुआला बदली असताना तिथल्या एका भिल्ल शेजाऱ्याकडून बाण करायला शिकला आणि उज्जैनला परतल्यावर मागच्या खोलीत त्यानं तोच उद्योग मांडला. लाकूड करवतीनं कापायचं नाही, सागाचा सरळ ओंडका कुऱ्हाडीनं फोडायचा, हा त्याचा हट्ट. "करवत लाकडातल्या तंतूंची रेघ तोडते रे. रेघ तुटलेला बाण धनुष्य ताणताना मोडतो, आणि मोडला की सोडणाऱ्याच्याच हातात घुसतो." फोडलेली काठी रंध्यानं हळूहळू गोल करायची, शेकून सरळ करायची, पिसं लावायची. त्याची लेक मुक्ता लहानपणापासून हेच बाण सोडत मोठी झाली. दुसऱ्या कुणाचा बाण तिनं हातात घेतला नाही.

मग कंपवात आला. चहाचा कप हिंदकळू लागला, सही बदलली. अण्णा मात्र थांबला नाही. रंधा घसरायचा, काठीला खोल ओरखडा पडायचा, तो पुन्हा नवा ओंडका फोडायचा. त्याच दिवसांत एकदा सरावात बाण मोडला आणि त्याची चिरफळी मुक्ताच्या डाव्या तळव्यात आरपार गेली. पट्टी बांधून ती घरी आली.

"कुणाचा होता?" अण्णानं विचारलं.

"बाजारातला, बाबा. मैत्रिणीचा. छोडो ना अब."

पण मुक्ताला खोटं नीट बोलता येत नसे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं; बाण आपलाच होता, हे त्याला कळलं.

त्यानंतर तो माणूस जणू पेटला. जेवणाचं भान नाही, औषधाचं नाही. वहिनी दाराशी उभ्या राहून विनवायच्या, "बस करा हो, आता कुणासाठी करताय?" तो म्हणायचा, "एक. फक्त एक नीट होऊ दे." कधी इंदूरहून आलो की मीच त्याचा हात धरून रंधा चालवायचो. माझ्या पकडीत त्याचा हात पाखरासारखा फडफडायचा. शेवटी हिवाळ्यात एक बाण झाला. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही गेलो. मुक्तानं व्रण असलेल्या हातात धनुष्य धरलं, बाण लावला, दोरी ताणायला सुरुवात केली...

"नको!" अण्णा ओरडला. "सोड तो! खाली ठेव!"

"बाबा, काही होत नाही. बघितलाय मी."

पण तो थरथरत पुढे गेला, तिच्या हातातून बाण हिसकावला आणि गुडघ्यावर मोडू लागला. बाण मोडेना. हातात तेवढा जोरच उरला नव्हता. त्यानं तो माझ्यापुढे केला. "तू मोड. माझ्यानं होत नाही." मुक्ता नाही म्हणत मान हलवत होती, पण अण्णाचे डोळे पाहून मी मोडला. सहजी मोडला नाही. मोडला तेव्हा लांबच लांब, अखंड तंतू उघडे पडले. कुठेही रेघ तुटलेली नव्हती.

"चांगला होता, बाबा," मुक्ता म्हणाली.

अण्णा तिथेच मातीत बसला. मागच्या खोलीचं नावही त्यानं नंतर काढलं नाही. आम्हाला वाटलं, सुटला एकदाचा.

रामघाटावरचे विधी आटोपून आल्यावर मी ती खोली उघडली. लाकूड पकडायच्या लोखंडी शिकंज्यात सागाची ताजी फोडलेली काठी आवळलेली होती. टोकापासून टोकापर्यंत ओरखडेच ओरखडे, बोटभरही सरळ जागा नाही. "दुपारी माझा डोळा लागला असं वाटलं की हे इथं यायचे," वहिनी मागून म्हणाल्या. "मला आवाज यायचा. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे."

मी शिकंज्याचा दांडा फिरवायला हात पुढे केला.

"नका सोडवू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इतकं घट्ट त्यांनी कसं आवळलं असेल, मला कळतच नाही..."

काठी अजून तशीच आहे.