शिरपाचा उजवा हात

संध्याकाळी कट्ट्यावर मी म्हशीच्या आचळांना पाणी मारत होतो, तेव्हा शिरपाच्या थोरल्याचा फोन आला. "काका, आबा जिन्यावरनं पडलं... गेलं." म्हैस पान्हावलेली होती, पेले घेऊन गिऱ्हाइकं उभी होती. मी धार पुरी काढली आणि मगच उठलो. कुणी मला दगड म्हणालं तर म्हणू दे. पान्हा सोडलेल्या म्हशीखालनं मधेच उठायचं नाही हा शिरपाचाच नियम होता. गेलो तर त्याला आंघोळ घालून अंगणात ठेवला होता. छातीवर दोन्ही हात एकमेकांत गुंफायला गेलो, तर डाव्याची बोटं वळली, उजव्याची मधली तीन काही मिटेनात. जिवंतपणी ताठ होती तशीच ताठ. शेवटी त्याच्या बायकोनं, हौसा वैनींनी, पदराची चिंधी फाडली आणि हात बांधून टाकले.

मी तिसरीतनं शाळा सोडली. शिरपा तर त्याच्याही आधी. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या खेड्यातनं आम्ही दोघं म्हशी घेऊन कोल्हापुरात आलो आणि एकाच कट्ट्यावर शेजारी शेजारी म्हशी बांधल्या. लोकांनी पेला पुढं करायचा, आम्ही तिथंच धार काढून द्यायची, त्यांनी उभ्या उभ्या प्यायचं. दूध माझ्याही म्हशीचं चांगलंच होतं, पण रांग शिरपाकडं. त्याच्या मुठीनं असा फेस यायचा की पेला तिरका धरला तरी सांडायचा नाही. मला राग यायचा. तो मुद्दाम हाळी द्यायचा, "नामा, तुझ्या पेल्यात फेस हाय का नुसतंच पाणी?" पण माणूस ताठ. कुणाचा फुकटचा चहा कधी घेतला नाही. पावण्याच्या घरी गेला तरी आधी विचारायचा, काय काम असलं तर सांगा, मग जेवतो.

एकदा वैरणीची पेंढी उचलताना आत कुणीतरी टाकलेली फुटकी बाटली होती, ती त्याच्या उजव्या तळव्यात घुसली. रक्त थांबलं, पण तीन बोटं वळेनात. मी त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्याच भागातल्या, बोलायला रोखठोक. ऑपरेशन करून बोटं ओढणाऱ्या आतल्या दोऱ्या त्यांनी शिवल्या आणि मग हाताच्या पाठीमागनं प्लास्टर घातलं. मनगट आत वाकवलेलं, बोटं अर्धी वळलेली, तळवा मोकळा. शिरपा म्हणाला, "बाई, हात वाकडा बांधलाय की." बाई म्हणाल्या, "दावं तुटलं तर गाठ कशी मारता? म्हैस वढत असताना?"

"न्हाय. दावं सैल सोडून."

"मग तसंच हे. हात वाकलेला हाय तोवर दोरी सैल. सरळ केलासा की टाका तटकन तुटणार. मी सांगेपर्यंत हात सरळ करायचा न्हाय."

त्याला कळलं होतं. कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये.

घरी करमेना म्हणून तो कट्ट्यावर येऊन बसायचा. हात मांडीवर, तळवा वर, बोटं वळलेली. देवीच्या दर्शनाला आलेली कुठली तरी एक बाई तिथनं चालली होती. चांगल्या घरची, चेहरा मायाळू. ती थांबली, पर्स उघडली आणि दहाची नोट शिरपाच्या तळव्यात ठेवून, नमस्कार करून निघून गेली. कट्ट्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळा झाला असता... शिरपा त्या नोटेकडं बघत बसला. मग डाव्या हातानं उचलून ती म्हशीच्या खुट्याखाली दाबली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी आला तर प्लास्टर नाही. हात फळकुटावर सरळ ठेवून वर कापड आवळलेलं. मी म्हटलं, "हे काय केलंस लेका? बाईंनी सांगितलं होतं नव्हं?"

"गड्याचा हात सरळ पायजे."

"टाका तुटला असंल."

"तुटू दे. पसरून बसलोय असं कुणाला दिसाय नको."

आम्ही रस्त्यात भांडलो. तो हटला नाही, आणि मी काय त्याचा हात बांधून ठेवणार होतो? जखम झकास भरली, बोटं मात्र वळली नाहीत. परत बाईंकडं नेला. त्या म्हणाल्या, आतल्या दोऱ्यांची टोकं एकमेकांपासनं लांब सरकलीत. दुसरीकडची दोरी काढून घालून बघू, खात्री देत नाही. शिरपानं एवढंच विचारलं, "परत वाकडा बांधणार?" "व्हय." "मग नको," म्हणून तो उठलाच.

त्यानंतर त्याच्या म्हशी गेल्या. एक राहिली, तिची धार हौसा वैनी काढायच्या आणि तो तिकडं पाठ करून बसायचा. लग्नाच्या पंगतीला जायचं सोडलं, कारण डाव्या हातानं चारचौघांत घास घ्यायचा नाही. घरातही सगळ्यांचं झाल्यावर एकटाच जेवायचा. पेल्यातल्या फेसावरनं मला टोमणे मारायचंही बंद झालं. ते मला जास्त लागलं.

आता लोक म्हणतात, कठडा धरता आला नाही म्हणून पडला. असेल. मी तिथं नव्हतो.

परवा वैनींना भेटायला गेलो. गोठ्यात खिळ्याला दाव्याशेजारी ते जुनं प्लास्टर टांगलेलं दिसलं. पिवळं पडलंय, कडा झडल्यात. वैनी म्हणाल्या, "किती डाव टाकाय काढलं. म्हणायचे, ऱ्हाऊ दे, त्यो माझा हात हाय." मी ते खाली घेतलं आणि माझा उजवा हात त्यात घालून बघितला. आमचे हात एका मापाचे. मनगट आत गेलं, बोटं आपोआप वळली, अंगठा त्यांच्या समोर आला. मी म्हशीखाली बसून आचळ धरायला हात पुढं करतो तेव्हा तो असाच असतो... अगदी असाच. एवढी वर्षं धार काढली आम्ही दोघांनी, आणि तो हात दोघांतल्या एकालाही ओळखता आला नाही.

वैनी बघत होत्या. मी प्लास्टर परत खिळ्याला अडकवलं आणि कट्ट्याकडं निघालो. धारेची वेळ झाली होती.