उसातलं पोपटी जाकीट

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, गुरांचे डॉक्टर. तसे ते सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तरी कळंब्याच्या पुढच्या गावांत कुणाची म्हैस अडली की पहिला फोन त्यांनाच येतो. फोन आला की अर्धा चहा तसाच ठेवून ते मोटारसायकलवर टांग टाकतात. गाडी काळी, पण धुळीनं राखाडी झालेली. अंगात खाकी सफारी, डोक्यावर करडं हेल्मेट. एकदा मी शिकवते त्या शाळेतून स्कूटरवर घरी येत होते, तर समोरून येणारे माझे स्वतःचे वडील मला अगदी जवळ आल्यावर दिसले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच बाजारात गेले आणि एक जाकीट घेऊन आले. झगझगीत पोपटी, छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्ट्या.

"काय आणलंस ह्ये?" आण्णांनी ते दोन बोटांत धरून विचारलं.

"जाकीट. लांबनं दिसाय पायजे तुम्ही. सरळ सांगतो, हे घातल्याबिगर गाडीला किल्ली लावायची न्हाई." आम्ही कोल्हापूरच्या पोरी घरात 'सांगतो', 'जातो' असंच बोलतो, शाळेत मात्र मी जिभेला आवर घालते.

"मी काय रस्त्यावर डांबर टाकतोय व्हय? आन् म्हस बुजली म्हंजे? लाथ खायला तू येणार हाईस?"

"गोठ्याभायेर काढून ठेवा की," आई आतून म्हणाली. "रस्त्यावर म्हशी न्हाईत, ट्रक हायत."

आण्णांनी जाकीट खुंटीला अडकवलं.

पहिले आठ दिवस ते चेहरा पाडून जाकीट घालत. कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, गॅसची पाइप टाकायला आलाय काय?" ते त्यांना फार लागलं. मग एका गावात एक म्हातारी म्हणाली, "लांबनंच वळीकलं बघा तुमास्नी, तवा कुठं जीव भांड्यात पडला." हे त्यांनी जेवताना आम्हाला तीनदा सांगितलं. त्यानंतर ते दुधाच्या डेअरीवर चालत जातानाही जाकीट घालायला लागले. आई म्हणायची, "आता झोपतानाबी घाला."

मी खूश होते. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. पूर्वी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवणारे आण्णा आता गुमान वळायला लागले होते. विचारलं तर म्हणाले, "दिसतोय की मी आता सगळ्यास्नी."

दिवाळीच्या थोडं आधी, सकाळी साडेदहाच्या लख्ख उन्हात, त्यांचा अपघात झाला. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मधून डांबरी रस्ता. उसातल्या पाणंदीतून, शेतात जाणाऱ्या अरुंद वाटेनं, एक मोटार रस्त्यावर आली आणि आण्णा तिच्या पुढच्या चाकावर आदळून पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गळ्याजवळचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर तिशीतला एक माणूस हात जुळवून बसला होता. तो नेसरीकडच्या शाळेतला शिक्षक होता, सासुरवाडीला आला होता. मोटार त्याचीच. आण्णांना दवाखान्यात आणलं होतं तेही त्यानंच.

"एवढं पोपटी जाकीट दिसलं नाही तुम्हाला?" मी ओरडलेच.

"मॅडम, मी थांबलो होतो," तो म्हणाला. "दोन्हीकडं बघितलं. शपथेवर सांगतो, मला नुसता ऊस दिसला. काका उसातनंच आल्यागत आले."

मला वाटलं, खोटं बोलतोय. पण संध्याकाळी भावाबरोबर आण्णांची गाडी आणायला गेले, तेव्हा पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिले. उतरतं ऊन उसाच्या पात्यांवर पडलं होतं आणि ती पाती पोपटी झगझगत होती. मी निवडून, दुकानदाराशी वाद घालून घेतलेला तोच रंग. घरी येऊन मी न्हाणीघरात जाऊन रडले. आईनं बाहेरून हाक मारली, "रडून हाड जुळतंय व्हय? भायेर ये, भाकरी थाप."

तीन आठवड्यांनी एका रविवारी ते गुरुजी पिशवीभर शेंगा घेऊन आण्णांना भेटायला आले. घराच्या दारात अवघडून उभे राहिले. आण्णांचा हात अजून गळ्यात बांधलेला. त्यांनी गुरुजींना बसवलं, चहा पाजला आणि मग म्हणाले, "चला गुरुजी. आज आपुन बघूयाच, माणूस दिसतंय कुठं आन् न्हाई कुठं."

आमच्या घरामागंच उसाचं रान आहे, त्याच्या कडेनं रस्ता जातो. आण्णांनी मला आणि गुरुजींना बांधाच्या आडोशाला, रस्त्याकडं पाठ करून उभं केलं. ते 'बघ' म्हणाले की वळून एक नजर टाकायची, लगेच परत पाठ करायची. धुतलेलं, खांद्यावर फाटलेलं जाकीट घालून आई रस्त्यावर गेली.

"बघ!"

मी पाहिलं. रस्ता रिकामा.

"न्हाई दिसली," मी म्हणाले.

"आरं, हितंच हाय की मी!" आईचा आवाज आला. पन्नास पावलांवर, उसाला लागून ती उभी होती.

मग तिनं माझी केशरी ओढणी घेतली. ती लगेच दिसली. मी टाळ्या वाजवल्या. पण आई हुशार. ती आपणहून पलीकडच्या वीटभट्टीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिथं केशरीही निम्मी विरली. शेवटी गुरुजी आण्णांची मोटारसायकल घेऊन लांब गेले आणि पुढचा दिवा लावून आले. उसाजवळ असोत की विटांजवळ, दर वेळी आधी दिवा दिसला आणि मग माणूस.

परत येऊन गुरुजींनी गाडी लावली. "काका, तरी मी अजून थोडं थांबायला हवं होतं," ते हळूच म्हणाले.

आण्णा बांधावर बसले. मग म्हणाले, "गुरुजी, वीस-बावीस वर्सं झाली. कुरुंदवाडला बदलीवर हुतो. अशीच गाडी रस्त्यावर काढली आन् सायकलवरल्या एका बाईला धडकलो. लाल भडक लुगडं हुतं तिचं. मागं हिरवी शेतं. आंधळ्यालाबी दिसावं. मी मान वळीवली हुती, पर डोस्क्यात म्हशीचा ताप हुता. बाई वाचली. मी मातूर घरात कुणाला सांगिटलं न्हाई."

आई त्यांच्याकडं बघतच राहिली. मलाही ही गोष्ट नवीन होती. गुरुजींनी डोळे पुसले आणि आण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर चांगला हात होता तो ठेवला.

हाड जुळलं. आता आण्णांचं जाकीट केशरी आहे, दिवा दिवसाही चालू असतो आणि हॉर्न पुन्हा सुरू झालाय. जाकिटानं माणूस वाचतो का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "घालावं. पर त्याच्यावर इसंबून ऱ्हाऊ नये."

बरे झाल्यावर ते पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा मी त्यांना न सांगता स्कूटरवर मागं गेले. पाणंदीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर रस्त्यावर यायला थांबला होता. आण्णांनीही गाडी थांबवली आणि हेल्मेटची काच वर करून ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांत बघितलं.

"जावा की पावणं," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"तुमी बघिटलंसा न्हवं मला?"

"बघिटलं की! जावा."

"न्हाई, तुमीच या आधी. मला गडबड न्हाई."

दोघंही हलेनात. माझ्या मागं एक दूधवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानं थांबवलं आणि स्कूटर बंद केली.