निळ्यात निळा

माझ्या काकांनी सदतीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग कालवले. गिऱ्हाइकाने उशीची खोळ पुढे केली की काका ती दारातल्या उजेडात नेत, दोन-चार डबे उघडत आणि नेमका तोच रंग करून देत. त्यामुळे रंगातलं आपल्यालाच कळतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या आणि हा शहाणपणा तिथे नेला.

त्यांना हवी होती निळी कोंबडी. निळी म्हणजे ओल्या पाटीच्या रंगाची, पिसापिसाला गडद किनार असलेली. तीही एखाददुसरी नव्हे, एका खेपेला उबलेली सगळीच्या सगळी पिल्लं तशी हवीत. म्हणून ते दरवर्षी सगळ्यात देखणा निळा कोंबडा आणि निळ्याच कोंबड्या एका जाळीत ठेवत. निळ्यात निळा घातला की निळाच होणार, हा दुकानातला हिशेब. पण दरवर्षी निम्मीच पिल्लं निळी निघत. उरलेल्यांत काही काळी कुळकुळीत आणि काही मळकट पांढरी. या पांढऱ्यांच्या अंगावर पुढे निळे ठिपके उमटत, म्हणून काका त्यांना ‘शिंतोडे’ म्हणत. काळी आणि शिंतोडे ते लोकांना वाटून टाकत.

अकरा वर्षं हेच चाललं. किनार मात्र वर्षागणिक रेखीव होत गेली, हे कबूल करायला हवं. दुकानातलं जुनं शेडकार्ड घेऊन ते खिडकीत बसत, एकेक पीस त्यावर ठेवून पाहत आणि निवडलेल्या कोंबडीच्या पायात रंगीत कडी चढवत. मी शाळेत भूगोल शिकवते, पण एवढं मलाही दिसत होतं.

“काका, दरवर्षी निम्मीच निळी, म्हणजे यात काही नियम असणार.”

“नियम कसला? भेसळ आहे. गाळून गाळून जाईल.”

पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा मात्र गाळायला वेळ उरला नव्हता. पुढच्या तीन-चार महिन्यांत काका-काकी मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी जाणार होते. तिथे कुंडीला जागा नाही, कोंबडीला कुठली? सगळ्या कोंबड्या गुरांच्या डॉक्टरीणबाई आपल्या शेतावर नेणार होत्या. पिल्लांची शेवटची एकच खेप उरली होती आणि काका उठता-बसता सगळ्यांवर खेकसत होते. मला त्यांचा राग यायचा आणि लगेच वाईटही वाटायचं.

डॉक्टरीणबाई लस द्यायला आल्या तेव्हा काकांनी त्यांच्यापुढेही भेसळीचं रडगाणं लावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, भेसळ नाहीये हो. पिल्लाला रंगाचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. फिकेपणा एकाच बाजूने आला तर काळ्याचा निळा होतो. दोन्हीकडून आला तर शिंतोडा, कुठूनच नाही आला तर काळा. निळ्याला निळा लावलात तर निम्मीच निळी निघणार. सगळी हवीत ना? मग काळी कोंबडी आणि शिंतोडा कोंबडा.”

“तो मळका? माझ्या कोंबड्यांत?”

मळका म्हणजे काकीचा लाडका शिंतोड्या. एवढा एकच तिने वाटू दिला नव्हता. ती दाणे निवडत बसली होती; मान वर न करताच म्हणाली, “अहो, दुकानात राखाडी कशाचा करायचात? काळ्यात पांढराच घालायचात ना?”

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं.

“काखेत कळसा,” काकी म्हणाली, “आणि गावाला वळसा. तोही अकरा वर्षांचा.”

काका दोन दिवस शेडकार्ड घेऊन खिडकीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी शिंतोड्या जाळीत दिसला, वाटायच्या राहिलेल्या तीन काळ्या कोंबड्यांसोबत. आधीच्या कोंबड्याचा अंश राहू नये म्हणून तीन आठवड्यांची अंडी आम्ही खाऊन संपवली. मग बारा अंडी खुडुक कोंबडीखाली ठेवली.

एकविसाव्या दिवशी काकांना जाळीपर्यंत जाववेना. “तूच बघ गं,” ते मला म्हणाले. मी कोंबडी उचलली. दोन अंडी वाया गेली होती. दहा पिल्लं होती आणि दहाच्या दहा पाटीच्या रंगाची.

काकांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. ते नाचतील असं मला वाटलं होतं. ते पालथ्या बादलीवर बसले आणि रडायला लागले.

“वाटून टाकला गं मी,” ते म्हणाले. “अकरा वर्षं निळाच वाटून टाकला.”

काकी आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. टोमणा मारायची एवढी चांगली संधी तिने पहिल्यांदाच सोडली.

महिन्याभराने डॉक्टरीणबाई पिंजरे घेऊन आल्या आणि थेट निळ्या पिल्लांकडे वळल्या. काकांनी त्यांना थांबवलं. आधी तिन्ही काळ्या कोंबड्या पिंजऱ्यात ठेवल्या, मग शिंतोड्याला स्वतः उचलून आत सोडलं.

“निळी हवी त्याला द्या,” ते म्हणाले. “यांची जोडी मात्र मोडू नका. निळा यांच्यात आहे.”

मग ते काकीकडे वळले. उभ्या आयुष्यात रंगाबद्दल त्यांनी काकीला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“बरोबर सांगितलं ना गं?”