मोटारीच्या आतला दिवा

संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आमच्या मोटारीतलं मीटर विझलं. वेळ एवढी नक्की सांगते, कारण मीटरच्या शेजारीच चावीचं घड्याळ होतं आणि अंधार व्हायच्या आधी मी शेवटचं तेच वाचलं. तिथून पुढं या दिव्यांपायी आमच्या घरात इतके किस्से साठले, की भूमच्या बाजारादिवशी कुणी ना कुणी ओट्यावर टेकतं आणि म्हणतं, वहिनी, ते लिंबाचं सांगा की. मी सांगते. लोक हसतात. पहिला मात्र कुणी मागत नाही, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

*

आमचे हे भाड्याची मोटार चालवतात. गाडी जुनीच. निजामाचं राज्य गेल्यावर परंड्याच्या एका जमीनदारांनी विकायला काढली ती यांनी घेतली. छतात काचेचा वाटोळा दिवा होता, पण गाडी आल्यापासून तो एकदाही लागला नव्हता. पुढं वेगाच्या, पेट्रोलच्या काट्यांचं मीटर, त्याच्या मागं एक बारका बल्ब तेवढा जळायचा.

त्या संध्याकाळी माझी पहिली लेक, शकू, तापानं फणफणली होती. वर्षाचीसुद्धा नव्हती. बार्शीच्या दवाखान्यात न्यायला निघालो. मीटरच्या पिवळट उजेडात मला मांडीवरचं तिचं नाक तेवढं दिसत होतं. भूम मागं पडलं, गाडी खड्ड्यात आदळली आणि तो उजेडही गेला.

हे सारखे पुढून विचारायचे, कशी हाय? मी चाचपून बघायची. आधी अंग भाजत होतं. मग कमी भाजायला लागलं. मला बरं वाटलं. म्हटलं, "ताप उतरला. झोपलीय."

दवाखान्याच्या दारात कंदील होता. डॉक्टरांनी एकच विचारलं, "कधीपासून अशी आहे?"

मला सांगता आलं नाही. अजून येत नाही.

*

गाडी बंद ठेवून चालणार नव्हतं, पोट होतं. मीटरमागं अंधार असतानाच यांनी एका लग्नाचं भाडं घेतलं. वाटेत नवऱ्या मुलाच्या मामांना शंका आली, पेट्रोल पुरंल का? मागच्या सीटवरून ते काडी ओढून काटा बघायला पुढं वाकले. पुढच्या सीटवर नवरा मुलगा, त्याची मुंडावळी मध्ये लोंबत होती, तिनं पेट घेतला. मामांनी विझवायला म्हणून फाडकन हात मारला तो त्याच्या गालावर.

मांडवात नवरदेव गालावर पाच बोटं घेऊन उतरला. नवरीकडचे घाबरून विचारायला लागले, वाटेत भांडण झालं का? मामा म्हणाले, "न्हाय हो, काटा बघत होतो."

*

पुढं बाबू झाला. तेव्हा मी यांना सांगितलं, आत दिवा लागल्याशिवाय लेकराला घेऊन मी या गाडीत बसणार नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, विचारलं, आन् आजारी पडलं तर? मी म्हटलं, चालत नेईन. बार्शीला चालत! पण कुणी हसलं नाही.

यांनी मीटरपासून सुरुवात केली. बल्ब बदलला, लागला नाही. फ्यूज काढला तर त्याच्यावर कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवलेली. नवा फ्यूज घातला. दिवा लागला, थोडे दिवस जळला आणि परत गेला. मग बार्शीचे लतीफ मिस्त्री आले. पाय दाराबाहेर, डोकं मीटरखाली, असे उताणे झोपले. जरा वेळानं त्यांनी आतून काहीतरी ओलं ओढून काढलं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू, बिबा आणि मिरच्या. लिंबू सडून त्याचा रस तारेच्या जोडावर ठिबकत होता. जोड हिरवागार झालेला.

ते आत्याबाईंनी बांधलं होतं. शकू गेल्यापासून, जुनं वाळलं की नवं. बाहेर बांधलं तर लोक विचारतील, म्हणून आत लपवून.

मिस्त्री हसत म्हणाले, "अम्मा, नजर उतरी क्या?"

आत्याबाईंनी ते सडकं लिंबू हातात घेतलं. "आधी बांधाया पायजे हुतं," म्हणाल्या.

मिस्त्री परत मीटरखाली घुसले. लोक इथपर्यंत ऐकत नाहीत, मिरच्यांवरच हसून उठतात.

*

मीटर झालं. छतातला दिवा मात्र हट्टी. बल्ब चांगला, फ्यूज चांगला, बटण चांगलं. मिस्त्री म्हणाले, आता छताचं कापड फाडावं लागंल. त्याआधी विचारून तरी बघू, म्हणून हे मला घेऊन एसटीनं परंड्याला गेले, जुन्या मालकांकडं. मालकीणबाई ओसरीवर सूप घेऊन करडई निवडत बसल्या होत्या. दिव्याचं नाव काढताच म्हणाल्या, त्याची तार मीच तोडायला लावली.

त्यांच्या घरच्या बायका मोटारीला पडदे लावून फिरायच्या. संध्याकाळी आत दिवा लागला की पडद्यावर सावल्या पडायच्या आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. म्हणून ड्रायव्हरकडून दाराशेजारच्या डाव्या खांबात तार तोडून घेतली आणि वरचं कापड बाईंनी स्वतः शिवून टाकलं. आम्ही दोघंही हसलो. बाईही हसल्या. मग त्यांनी सहज विचारलं, इतक्या वर्षांनी त्या दिव्याची काय गरज पडली?

यांनी शकूचं सांगितलं.

बाईंचा हात सुपातच राहिला. "बाहेरच्यांना आम्ही दिसू नये, एवढंच बघितलं," त्या म्हणाल्या. "आतल्या बाईला काही बघायचं असंल, हे मनात आलं न्हाय गं."

घरी येऊन त्यांचे टाके मी उसवले. फार बारीक, सुरेख टाके होते.

*

दिवा लागला. मग मी रोज तिन्हीसांजेला बाबूला घेऊन उभ्या गाडीत बसायला लागले. त्याच्या पोटाचं वरखाली होणं बघत. एका सकाळी भाड्याची माणसं आली तर गाडी हूं का चूं करेना. एक मास्तर आणि एक तलाठी धोतर खोचून ढकलत निघाले. तलाठ्यांनी दम खात विचारलं, बॅटरी उतरली कशानं?

हे म्हणाले, "आमचं पोरगं लई हुशार. रोज मोटारीत बसून अभ्यास करतंय."

बाबूला तेव्हा दातही आले नव्हते.

*

आता हा एक. भूमच्या बाहेरच्या वस्तीवरची एक बाई दिवेलागणीला पोर घेऊन आली. तिचा नवरा कामासाठी परगावी गेलेला, बरोबर कुणी नाही. एकटी बाई गाडीत असली तर घरची बाई सोबत पाहिजे, हा यांचा नेम. बाबूला आत्याबाईंपाशी ठेवून मी तिच्या शेजारी बसले. यांनी छतातला दिवा लावला.

मी तिला सगळं सांगत होते. ओठांचा रंग बघत राहा, नखं बघ, पोट हलतंय ते बघ, इथं सगळं दिसतंय. ती मान हलवायची आणि बघायची. अर्धी वाट झाली तेव्हा ती मान हलवायची थांबली. नुसती बघत बसली. मग पुढं वाकून यांना म्हणाली, "दादा, दिवा मालवा आता."

मी म्हटलं, "राहू दे की बाई. दिसतंय तेवढं बरं."

"दिसतंय, म्हणून तर."

यांनी बटण दाबलं. बार्शी येईपर्यंत त्यांनी मागं वळून काही विचारलं नाही. अंधारात तिच्या थोपटण्याचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी हे मिस्त्रींकडं गेले नाहीत, स्वतःच हत्यारं घेऊन बसले. पुढचं बटण काढून मागच्या सीटपाशी, दाराच्या खांबावर, बसलेल्या बाईचा हात पोचेल असं लावलं.

तर एवढं करा. भूमच्या आसपास कुणाला आजारी लेकरू घेऊन बार्शीला जायचं असलं, तर त्यांना सांगा. आमच्या मोटारीत दिवा आहे, आणि त्याचं बटण आईच्या हाताशी आहे.