वारज्यातला नियोजित

पुण्याला निघालो ते पोराला नाही म्हणायला. प्रकाशची आई उन्हाळ्यात गेली. आमच्या वाशीमकडे घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. प्रकाश तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत. मुलगी त्यानंच पाहिलेली, आईनं होकार दिलेला. पण ती नसताना मला दारात मांडव नको होता.

सकाळी गाडीतून उतरून वारज्याची रिक्षा केली. रस्ता रुंद, पण मधेच संपतो. पुढे खडी, मग गवत, गवतात पाट्या. मी जेमतेम चौथी, पण पाटी दिसली की वाचतो. नियोजित शाळा. नियोजित उद्यान. नियोजित मंगल कार्यालय.

"हा नियोजित मोठा जमीनदार दिसतो," मी रिक्षावाल्याला म्हणालो.

"फार मोठा, आजोबा. अजून कोणी पाहिला नाही एवढंच."

त्यानं 'शाळेच्या स्टॉप'वर सोडलं. तिथे म्हशी चरत होत्या.

"शाळा कुठाय?"

"पाटी आहे ना," म्हणाला आणि गेला.

प्रकाशला विचारलं तर तो हसत सुटला. "बाबा, नियोजित म्हणजे अजून नाही, पण करायचं ठरलंय."

दुपारी वैशाली, ती मुलगी, बिबवेवाडीहून आली. तिनं आलूची (इकडे बटाट्याची) भाजी केली. भाजीत गूळ.

"गोड आहे," मी म्हणालो.

"म्हणजे चांगली?"

"म्हणजे गोड."

"बरं. पुढच्या वेळी नाही घालणार."

मग मी तीन वर्षांचं काढलं. प्रकाश ताटाकडे बघत बसला. वैशाली म्हणाली, "थांबू की, काका. तोवर समोर शाळा होईल. फक्त तिच्यात घालायला आमची पोरं नसतील."

"शाळा होईल कशावरून?"

"नाही झाली तर पालिकेत जाऊन भांडू. पाटीच नसती तर कशावरून भांडलो असतो?"

मी भाजी पुन्हा वाढून घेतली.

संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. खाली जमिनीवर फक्कीनं (पांढऱ्या चुन्यानं) घराच्या रेघा मारलेल्या. त्यात एक जोडपं फिरत होतं. बाई म्हणाली, "ओटा खिडकीपाशी हवा." कुठली खिडकी? नवरा तिच्याकडे निघाला तो रेघ न ओलांडता, वळसा घालून, दार येणार होतं तिथून आत गेला. मी अंधार पडेपर्यंत बघत राहिलो.

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. त्या पाट्यांतल्या निम्म्या तशाच गंजतील, मला कळतं. पण ज्या गावाला शाळा आहे, तिथेही आधी नुसतं गवतच होतं, आणि कोणीतरी म्हणालं होतं, इथं शाळा करू. मी उन्हाळ्यापासून 'करू' असं काहीच म्हणालो नव्हतो.

घरी धाकटा भाऊ वाट बघत होता. "सांगितलंस नाही म्हणून?"

"मांडवाला बांबू बघ. वर्षाच्या आत करू."

तो घुटमळला. "पूजेला तुझ्या शेजारी पाटावर कोण?"

"बायको नसली की तिच्या जागी कमरेला सुपारी लावतात. मी लावीन," म्हणालो. "रडू आलं तर रडेन. तेवढ्यानं लग्न थांबत नाही."