टाकेमास्तरांचा उशीर

शिकाऊ सर्जन त्यांना पाठीमागे टाकेमास्तर म्हणत, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. टाका घालावा तर त्यांनीच. शिकवावा तोही त्यांनीच, हे मात्र त्यांचं स्वतःचं मत. दरवर्षी निरोप समारंभात पोरं आवडता शिक्षक निवडून त्याला ढाल देत, आणि ती न चुकता मास्तरांच्या दिवाणखान्यात येऊन बसे.

यंदा धाकट्या मॅडम आडव्या आल्या. कालपरवा मास्तरांच्या हाताखाली गाठ मारायला शिकलेली ही मुलगी आता त्याच पोरांना कामातली सुधारणा आणि लीडरशिप शिकवत होती. मास्तरांच्या तासाला पोरं भिंतीला टेकून पेंगत. तिच्या तासाला खुर्च्या पुरत नसत. मास्तर तिच्या दारावरून जाताना उगाच रेंगाळत. आतून हशा ऐकू आला की यांच्या पोटात दुखे.

"पुढारी करतेय सगळ्यांना," ते घरी म्हणाले. "उद्या ऑपरेशनं सोडून भाषणं ठोकतील."

"तुम्ही काय कमी ठोकता?" बायको वाटाणे सोलत म्हणाली.

मॅडमनी पोरांना काम दिलं होतं: सकाळचं पहिलं ऑपरेशन रोज उशिरा का सुरू होतं ते शोधा, आणि तुम्हीच पुढाकार घेऊन सुधारा. पोरांनी फळ्यावर कारणांचे उभे पट्टे काढले. रक्ताचे रिपोर्ट, बंद लिफ्ट, स्ट्रेचर. सगळ्यांत उंच पट्टा होता 'वरिष्ठांची वाट पाहणे'.

मास्तर फळ्यापुढे थबकले. "हे वरिष्ठ कोण म्हणायचे?"

"नाव लिहायचं नसतं, सर," मॅडम म्हणाल्या. "माणूस नाही शोधायचा. अडतंय कुठे ते शोधायचं."

पोरं आपापले बूट न्याहाळू लागली.

हिचा फळा खोटा पाडायचाच, मास्तरांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी हात धुऊन ते टेबलाशी हजर. भूल देणारे डॉक्टर पहिल्यांदा दचकलेच. सकाळचा चहा बंद, व्हरांड्यातल्या गप्पा बंद. बघता बघता तो उंच पट्टा भुईसपाट झाला, आणि पोरांनी त्याखाली ठळक लिहिलं: सुधारणा यशस्वी.

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. उशिरा यावं तर फळा खरा, लवकर यावं तर मॅडम खऱ्या.

ढाल मॅडमना मिळाली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, हातमोजे घातल्यासारख्या.

"मिळाली का?" घरी बायकोनं विचारलं.

"मिळाली. तिला." ते सोफ्यावर बसले. "मी उशीर केला नसता तर तिनं सुधारलं काय असतं, कपाळ? निम्मी ढाल माझी आहे."

"मग जा की आता सावकाश, पूर्वीसारखे."

मास्तर एव्हाना उठून उद्याचे बूट दाराशी काढून ठेवत होते.

"छे," ते म्हणाले. "ती आधी पोचेल."