वहिनीचं मनगट

आमची वहिनी कपडे लहानमोठे करून देण्याच्या दुकानात शिवणकाम करते. कापड हातात घेतलं की ते किती भरेल, हे ती काट्याआधी सांगते. आणि हीच बाई जुजित्सूच्या पहिल्यावहिल्या स्पर्धेसाठी दीड महिना वजन करत राहिली ती घरातल्या पातळ गाऊनवर! आदल्या दिवशी दुपारी तिच्या सरांचा फोन आला तेव्हा कळलं, की वजन गी घालून करतात. गी म्हणजे तो जाड पांढरा पोशाख, ज्याची कॉलर नि बाह्या धरून ही मंडळी एकमेकांना लोळवतात. मर्यादा चौसष्ट किलोची. वहिनी भरत होती बासष्ट किलो सातशे, आणि तिचा गी एक किलो नऊशे.

"जन्म कापडात गेला, आणि कापडच विसरलीस?" मी म्हणाले.

एरवी ती हसली असती. आज तिचा चेहरा पांढराफटक पडला. "उद्या बाद झाले तर पुन्हा धीर होणार नाही गं मला."

तिला पदकबिदक नको होतं. गेल्या वर्षी आमच्या इमारतीच्या जिन्यात एका अनोळखी माणसानं तिचं मनगट धरलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी दार उघडलं तसा तो पळाला, पण तोवर वहिनी दगडासारखी उभी होती. ना ओरडली, ना हात सोडवला. दादानं जिन्यात दिवा लावून घेतला. वहिनीच्या मनातून मात्र ते तसं उभं राहणं जाईना. आठ महिन्यांपूर्वी ती क्लासला जायला लागली. तिथले हात आता ओळखीचे झाले होते. "परक्या माणसानं धरलं की माझं काय होतं, ते मला बघायचंय," एवढंच तिचं म्हणणं. मी तिची सारखी थट्टा करायचे, चाळिशीत कसली कुस्ती म्हणायचे. जिन्याचा विषय निघाला की मला तो कधी एकदा संपतोय असं व्हायचं.

क्लासमधल्या एका उंच मुलीनं आपला हलका गी दिला. "हवा तसा कापा, ताई," म्हणाली. वहिनी मशीनवर बसली. बाही मनगटापर्यंत हवी. आखूड झाली तर बाद, लांब ठेवली तर वजन. तिनं पाच वेळा टेप लावली, सहाव्यांदा माझ्याकडून लावून घेतली, आणि मग कात्री चालवली. रात्री जेवली नाही. सकाळी पाण्याचा घोटही घेतला नाही. तशीच काट्यावर चढली. त्रेसष्ट किलो नऊशे.

मॅटवर समोरची बाई आडव्या बांध्याची होती. पंचांनी खूण केली आणि तिनं थेट वहिनीचं मनगट पकडलं. वहिनी थांबली. खांदे वर, तोंड अर्धवट उघडं, अगदी त्या दिवशीसारखं. "हल! हात सोडव!" सर ओरडत होते. मला हाक मारायची होती, पण मी नुसती सेकंद मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार.

मग वहिनीनं कोपर अंगाशी ओढलं, कंबर फिरवली आणि हात मोकळा केला. पुढची पाच मिनिटं त्या बाईनं तिला चांगलंच लोळवलं. आणखी तीनदा मनगट धरलं, तिन्ही वेळा वहिनीनं सोडवलं. गुणांवर हरली.

बाहेर येऊन ती भिंतीला टेकून बसली. "किती वेळ थिजले होते गं?"

"चार सेकंद. जास्त नाही."

ती हसली, आणि मला रडू फुटलं. "वहिनी, त्या दिवशी मी जिन्यात खालीच होते. सगळं बघत होते. माझे पाय हललेच नाहीत. मी काहीच केलं नाही."

वहिनीनं बाहीनं कपाळ पुसलं.

"माहितीये. कठड्याच्या गजांतून तुझ्या चपला दिसत होत्या मला."

वर्षभर तिनं यातलं चकार अक्षर काढलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. तिनं हात पुढे केला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"हं," ती म्हणाली, "सोडव बघू."